ब्रेक आणि रेस: गावाकडच्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वाशीम, अमरावती या पट्ट्यात गाडी शिकवताना जे प्रश्न दर हंगामात पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं आहेत. सोयाबीन, कापूस विकला की कास्तकाराच्या दारात पहिली गाडी येते, आणि हल्ली ती बरेचदा ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नसलेली, असते. चालवणाऱ्याचा हात मात्र ट्रॅक्टरवर नाहीतर मोटारसायकलवर बसलेला असतो. ब्रेकचं पेडल आणि रेसचं (ॲक्सिलरेटरचं) पेडल शेजारी शेजारी, दोन्हींवर एकच पाय. त्यांचं नातं नीट कळलं नाही तर घरच्या अंगणातसुद्धा माणूस चिरडला जातो. म्हणून उत्तरं जरा मोकळेपणाने लिहिली आहेत.

ब्रेक आणि रेस एकाच वेळी पूर्ण दाबले गेले, तर गाडी थांबते की पळते?

ब्रेक धड असतील आणि एकाच दमात पूर्ण दाबले, तर थांबते. गाडीचे ब्रेक इंजिनपेक्षा बरेच ताकदवान असतात. हिशेब करून बघा. हजार किलोची छोटी गाडी ताशी १०० किलोमीटरवरून साडेतीन सेकंदांत थांबते, तेव्हा ब्रेक सरासरी १४५ अश्वशक्तीच्या आसपास ऊर्जा जिरवत असतात. तशा गाडीचं इंजिन असतं ६५ ते ९० अश्वशक्तीचं. म्हणजे इंजिन पूर्ण जोर लावत असलं तरी ब्रेक भारी पडतो, फक्त थांबायला जास्त अंतर लागतं.

पण यात दोन अटी आहेत. ब्रेक अर्धवट दाबायचा नाही आणि सोडून सोडून दाबायचा नाही. या दोन्ही गोष्टी घाबरलेला माणूस नेमक्या करतो. अर्धवट दाबलेला ब्रेक इंजिनशी भांडत राहतो, तापतो, आणि तापला की त्याची पकड कमी होते. तेव्हा लोक म्हणतात, "ब्रेक लागलाच नाही."

मग दोन्ही दाबल्यावर इंजिनची ताकद आपोआप तुटायला नको का?

हवीच. सुरक्षित गाडीचा नियम एकच असला पाहिजे: ब्रेक आणि रेस यांचं भांडण झालं तर ब्रेक जिंकला पाहिजे. आजच्या बऱ्याच गाड्यांत तशी सोय असते, तिला ब्रेक ओव्हरराइड म्हणतात.

पूर्वी रेसच्या पेडलपासून इंजिनपर्यंत केबल जायची. आता पेडलखाली सेन्सर असतात, एक नव्हे दोन, म्हणजे एकाने चुकीचं सांगितलं तर दुसऱ्याशी ताळा लावता येतो. पेडल किती दाबलं हे ते इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतात आणि इंजिनला किती हवा, किती इंधन द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. ब्रेकच्या पेडललाही स्विच असतो. रेस दाबलेली असताना ब्रेकचा इशारा आला, की कॉम्प्युटर रेसचं ऐकणं थांबवतो आणि इंजिन आयडलिंगवर, म्हणजे रेस न दिल्यासारखं, आणतो.

कंपनीगणिक याचे नियम वेगळे असतात. काही गाड्यांत ठरावीक वेगाच्या वरच ही सोय जागी होते. काहींत आधी रेस आणि मग ब्रेक या क्रमालाच ती दाद देते. चढावर गाडी उचलताना माणूस क्षणभर दोन्ही दाबतो, तिथे इंजिन मरू नये म्हणून ही सवलत ठेवलेली असते. त्यामुळे "माझ्या गाडीत ती सोय आहे" एवढ्यावर विसंबून पाय ढिला सोडू नका.

ही सोय आली कुठून?

अमेरिकेतल्या एका अपघातामुळे तिचा जोर वाढला. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ टोयोटाच्या लेक्सस ब्रँडच्या एका गाडीची रेस अडकली आणि आतले चौघंही गेले. चालवणारा महामार्ग पोलिसांत होता, म्हणजे नवशिका नव्हे. दुसऱ्या मॉडेलची जाड मॅट त्या गाडीत टाकली होती आणि रेसचं पेडल तिच्यात अडकलं होतं. त्यानंतर टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या, काही मॅटसाठी, काही चिकटणाऱ्या पेडलसाठी. इलेक्ट्रॉनिक्समुळे गाड्या पळतात का, हे नासाच्या इंजिनिअरांनी तपासलं. २०११ मध्ये आलेल्या अहवालात तसा दोष सापडला नव्हता. टोयोटाने पुढे आपल्या गाड्यांत ब्रेक ओव्हरराइड दिलं. २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने ते सगळ्यांना सक्तीचं करायचा प्रस्ताव आणला, पुढे तो मागे घेतला, पण तोवर बहुतेक कंपन्यांनी ही सोय आपणहून दिलेली होती.

आपल्याकडच्यांसाठी यातली खरी गोष्ट मॅटची आहे. तिच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

माझ्या गाडीत ही सोय आहे का, हे कसं कळेल?

गाडीसोबत आलेलं पुस्तक बघा, नाहीतर सर्व्हिसला टाकाल तेव्हा सरळ विचारा. रस्त्यावर दोन्ही पेडल दाबून स्वतः परीक्षा घेऊ नका. केबलवाल्या जुन्या गाड्यांत, म्हणजे जुनी मारुती ८००, अँबेसिडर वगैरे, ही सोय नसते. अशा गाडीत केबलची तब्येत महत्त्वाची. पांदण रस्त्याची धूळ केबलच्या वेष्टणात जाऊन बसते, आतली तार सुटी होते, आणि रेस सोडल्यावर पेडल वर यायला वेळ लागतो. पेडल सुस्त झालंय असं वाटलं की त्याच आठवड्यात केबल बदलून घ्या. तिचा खर्च फार नसतो.

मागचा ब्रेकचा दिवा लागत नाही. एवढं काय त्यात?

खूप आहे. दिवा पेटवणारा स्विच आणि "ब्रेक दाबला" असं कॉम्प्युटरला सांगणारा स्विच सहसा एकाच डबीत असतात. बल्ब उडाला असेल तर नुकसान मागून येणाऱ्यापुरतं. पण स्विच गेला असेल तर ब्रेक दाबल्याचं गाडीलाच कळत नाही. मग ब्रेक ओव्हरराइड काम करेलच असं नाही, क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) सुटेलच असं नाही, आणि ऑटोमॅटिक गाडी पी (पार्किंग) मधून बाहेर निघायला कुरकुर करते. रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करून उभी करा, ब्रेक दाबा आणि आरशात भिंतीवर लाल उजेड पडतो का ते बघा. एकट्याने होणारी तपासणी आहे.

रेस अडकली आणि गाडी पळत सुटली, तर काय करायचं?

ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबूनच ठेवा. त्याचवेळी गाडी न्यूट्रलमध्ये टाका. मॅन्युअल असेल तर क्लच दाबला की काम झालं. ऑटोमॅटिक असेल तर दांडा डी (पुढे जायचा गिअर) वरून एन (न्यूट्रल) वर सरकवा, चालत्या गाडीतही तो सरकतो. इंजिन मोठ्याने ओरडेल. ओरडू द्या. आजच्या इंजिनांना वरची मर्यादा असते, ते स्वतःला सांभाळतं, आणि नाही सांभाळलं तरी इंजिन पुन्हा मिळतं.

गाडी कडेला थांबल्यावर मगच इंजिन बंद करा. धावत्या गाडीत किल्ली काढून घेतली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं, म्हणून ती चूक कधी करू नका. दुसरा काहीच इलाज उरला नसेल तर किल्ली फक्त एक घर मागे फिरवा, काढू नका. बटणवाल्या गाडीत चालू असताना एकदा टिचकी मारून इंजिन बंद होत नाही, बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. हे बटण प्रकरण घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला आजच सांगून ठेवा.

खाली वाकून हाताने पेडल ओढायला जाऊ नका. नजर रस्त्यावरच हवी.

ब्रेक पंप का करू नये? जुने ड्रायव्हर तर पंपच करायला सांगतात.

जुन्या ड्रायव्हरांचा सल्ला जुन्या ब्रेकसाठी होता. पाइपात हवा शिरली, तेल कमी झालं, तर दोनचार वेळा दाबून दाब तयार करावा लागायचा. आजही पेडल थेट तळाशी गेलं आणि ब्रेक लागलाच नाही, तर भराभर पंप करणं बरोबर आहे.

रेस अडकलेली असताना मात्र पंप केलं की उलट होतं. कारमधला ब्रेक इतका हलका लागतो तो बूस्टरमुळे. बूस्टर म्हणजे ब्रेकच्या पेडलपुढे बॉनेटखाली बसवलेला काळा गोल डबा. पेट्रोल गाडीत इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर तो चालतो, डिझेलमध्ये वेगळा पंप त्याला ती ओढ पुरवतो. पेट्रोल इंजिनची रेस पूर्ण उघडी असली की ती ओढ जवळपास संपते. डब्यात साठलेली ओढ एकदोन दाबांना पुरते. तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं कडक लागतं, आणि मग दोन्ही पायांनी दाबलं तरी हवी तशी पकड मिळत नाही. म्हणून पहिल्याच दाबात सगळा जोर लावायचा.

एबीएसबद्दलही हेच. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या कारना एबीएस बंधनकारक आहे. ते चाक लॉक होऊ न देता स्वतःच सेकंदाला कितीतरी वेळा ब्रेक सोडतं आणि पकडतं. पेडल पायाखाली थरथरतं, खरखर आवाज येतो. घाबरून पाय काढू नका.

बूस्टर धड आहे का ते घरी बघता येतं. इंजिन बंद ठेवून ब्रेक चारपाच वेळा दाबा. पेडल कडक होईल. ते तसंच दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली बसलं की बूस्टर ठीक. हललंच नाही तर मिस्त्रीकडे जा.

पण पाय चुकतो तरी कसा? ब्रेक आणि रेस यांतला फरक न कळायला माणूस काय लहान आहे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला वाटतं की हे आपल्या बाबतीत होणार नाही.

पाय चुकतो तेव्हा माणसाला तो चुकल्याचं कळत नाही, घात तिथेच होतो. त्याच्या मनात पाय ब्रेकवर असतो. गाडी पुढे उसळते. मन म्हणतं, ब्रेक कमी पडतोय, अजून दाब. आणि तो रेस अजून दाबतो. दोनतीन सेकंदांत भिंत येते. नंतरही तो शपथेवर सांगतो की ब्रेकच दाबला होता, आणि तो खोटं बोलत नसतो. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या गृहस्थाच्या गाडीने रस्ता ओलांडणारी आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी यांचा जीव घेतला. ब्रेक दाबला होता, गाडीत बिघाड होता, असं ते सांगत राहिले. न्यायालयाने मात्र रेस दाबली गेल्याचं मान्य करून त्यांना शिक्षा दिली.

आपल्याकडे हे सहसा मोठ्या रस्त्यावर होत नाही. ते होतं अंगणात, गोठ्यासमोर, लग्नाच्या मांडवाबाहेर, बाजार समितीच्या गेटवर. गाडी डी मध्ये असते, ब्रेकवर पाय असतो, आणि माणूस खिडकीतून अंग बाहेर काढून पावती घेत असतो. अंग वळलं की कंबर वळते, कंबर वळली की पाय जागचा हलतो. ब्रेक थोडा सुटला की ऑटोमॅटिक गाडी, रेस न देताही, हळूहळू पुढे सरकते. ते सरकणं जाणवून माणूस दचकतो आणि पाय आदळतो. जिथे आदळला तिथे ब्रेक उरलेला नसतो. रिव्हर्स घेताना मागे वळून बघतानाही हेच होतं.

मॅन्युअल गाडीत हे कमी होतं, कारण दचकला की माणूस डाव्या पायाने क्लचही दाबतो आणि इंजिनचा चाकांशी संबंध तुटतो. ऑटोमॅटिकमध्ये हा दुसरा पहारा नाही.

यावर मी एकच गोष्ट घोकून घेतो: दाबल्यावर गाडी पळाली, तर पाय चुकीच्या पेडलवर आहे. जोर वाढवायचा नाही, पाय पूर्ण उचलायचा. उचलल्यावर मग ब्रेक शोधायचा. आणि गाडी उभी करून कोणाशी बोलायचं असेल तर आधी एन किंवा पी, मग हँडब्रेक, मग बोलणं.

असा चुकलेला पाय ओळखणारी गाडी नाही का?

येते आहे. समोर भिंत किंवा गाडी असताना उभ्या गाडीची रेस कोणी खाडकन दाबली, तर ती न ऐकणारी यंत्रणा जपानी गाड्यांत बरीच वर्षं मिळते. सप्टेंबर २०२८ पासून जपानमध्ये नव्या ऑटोमॅटिक कारना ती सक्तीची होणार आहे. गाडी घेताना दुकानदाराला सनरूफबद्दल विचारता, तसं हेही विचारा.

ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय रिकामा असतो. त्याने ब्रेक दाबला तर पाय चुकणारच नाही, नाही का?

ऐकायला पटतं, पण करू नका. मॅन्युअलवर शिकलेल्या डाव्या पायाला फक्त क्लच माहीत असतो, तो झटक्यात तळापर्यंत दाबायची सवय. त्याने ब्रेक दाबला की गाडी कचकन थांबते आणि मागचा येऊन आदळतो. शिवाय ब्रेकवर टेकून ठेवलेला डावा पाय नकळत पेडल दाबत राहतो: मागे लाल दिवा सतत जळतो, ब्रेक तापतात, आणि खऱ्या अडचणीच्या वेळी मागच्याला काही कळत नाही. दचकल्यावर दोन्ही पाय एकदम दाबले जायचा धोका वेगळाच.

उजवा पाय दोन्ही पेडलना, डावा पाय डाव्या बाजूच्या पायटेकणीवर. एका पायाने दोन्ही सहसा एकदम दाबले जात नाहीत, हीच यातली सुरक्षा आहे.

टाच कुठे टेकायची? आणि चप्पल चालते का?

टाच जमिनीवर, ब्रेकच्या रेषेत. पाऊल सरळ असताना ते ब्रेकवर यायला हवं. रेस देताना टाच तिथेच ठेवून पुढचं पाऊल उजवीकडे कलवायचं. पाऊल लहान असेल तर टाच थोडी सरकेल, हरकत नाही. पण नवशिके पूर्ण पाय उचलून एका पेडलवरून दुसऱ्यावर ठेवतात, आणि प्रत्येक वेळी नव्याने नेम धरतात. तो नेम कधीतरी चुकतो.

बहुतेक गाड्यांत ब्रेकचं पेडल रेसच्या पेडलपेक्षा वर असतं. पाऊल दोन्हींच्या मध्ये पडलं तर आधी ब्रेकला लागावं, हा त्यामागचा विचार. सीट फार मागे असेल तर पाय ताणून दाबावा लागतो आणि या रचनेचा फायदा जातो. ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्या.

चपलेचं म्हणाल तर मागे पट्टा नसलेली स्लिपर नको. ती टाचेतून सुटते आणि पेडलखाली जाते. आपल्याकडे पावसाळ्यात दुसरी अडचण असते, काळी माती. वावरातून आलं की तळव्याला बोटभर जाड थर असतो. त्या बुटाने पेडल दाबलं की कुठलं पेडल आहे याचा अंदाज पायाला येत नाही, पाऊल घसरतं, आणि वाळलेली ढेकळं पेडलच्या बुडाशी साचतात. मी तर म्हणेन, जूनपासून गाडीत एक कोरडा सपाट तळव्याचा बूट कायम ठेवा. मातीचे जोडे डिकीत टाका, ड्रायव्हरच्या पायाशी नको.

मॅटवर मॅट टाकली तर चालेल?

नाही. गाडीबरोबर आलेली कापडी मॅट मातीने खराब होऊ नये म्हणून लोक तिच्यावर बाजारातली रबरी मॅट टाकतात. खालची मॅट हुकात अडकलेली असते, वरची मोकळी. चढताउतरताना टाचेने ती रोज थोडी पुढे सरकते, आणि एक दिवस तिची कड रेसच्या पेडलवर चढते. ड्रायव्हरच्या बाजूला एकच मॅट, गाडीच्याच मापाची, हुकात बसवलेली. बसवल्यावर हाताने रेस तळापर्यंत दाबून सोडा. पेडल कशालाही न घासता वर आलं पाहिजे.

पाण्याची बाटली, टॉर्च, बियाण्याची पिशवी, यांतलं काहीही ड्रायव्हरच्या सीटखाली नको. ब्रेक मारला की बाटली पुढे घरंगळते आणि ब्रेकच्याच मागे जाऊन बसते.

मी वीस वर्षं ट्रॅक्टर चालवतो. मला कारचं वेगळं काय शिकायचं?

हात सराईत आहे हे खरं, पण पायाच्या सवयी वेगळ्या आहेत. ट्रॅक्टरला हाताने लावायची रेस असते. एकदा लावली की वखरणी संपेपर्यंत तिथेच. पाय मोकळा. ब्रेक दोन, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा, धुऱ्यावर आल्यावर एकच दाबून जागच्या जागी वळता यावं म्हणून. त्या ब्रेकवर पाय आदळायची आणि पूर्ण पाय उचलायची सवय कारमध्ये तशीच येते. ऑटोमॅटिकवर बसण्याआधी मोकळ्या जागेत, टाच टेकवून, नुसता ब्रेक सोडत आणि धरत गाडी सरकवण्याचा सराव करा. रेसला हातच लावू नका. तो सराव कंटाळवाणा वाटेपर्यंत करा.

आणि ट्रॅक्टरचाच विषय निघाला म्हणून सांगतो: डांबरीवर येण्याआधी दोन्ही ब्रेक जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. वेगात असताना एकाच चाकाला ब्रेक लागला की ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि उलटतो. हाताची रेसही पूर्ण कमी करून पायाची वापरा. नाहीतर तुम्ही ब्रेक दाबताय आणि इंजिन पुढे ढकलतंय.

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना ब्रेकचा जळका वास येतो.

चिखलदरा अकराशे मीटरच्या वर आहे. तिथून पूर्ण उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापणारच. ब्रेकचं तेल उकळलं तर पेडल मऊ होऊन तळाला जातं. रेस सोडा आणि खालचा गिअर घ्या, इंजिनच गाडी धरून ठेवेल. ऑटोमॅटिकमध्येही मॅन्युअल मोड किंवा एल (खालचा गिअर) असतो, तो याचसाठी. वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबून कमी करा आणि सोडा. वास आला तर सुरक्षित जागी थांबा, ब्रेक थंड होऊ द्या. पाणी ओतू नका.

पुलाच्या चढावर गाडी मागे येते. तिथे दोन्ही पेडल दाबावे लागतात ना?

नाही. मॅन्युअलला हँडब्रेक ओढा, क्लच पकडेपर्यंत सोडा, थोडी रेस द्या, मग हँडब्रेक सोडा. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत ब्रेक सोडल्यावरही दोनेक सेकंद गाडी धरून ठेवणारी सोय असते. रेस देऊन गाडी चढावर तोलून धरणं मात्र टाळा, क्लच जळतो.

इलेक्ट्रिक गाडीत रेस सोडली की आपोआप ब्रेक लागतो. मग ब्रेकचं पेडल कशाला?

रेस सोडल्यावर मोटर जनित्र बनते, चाकांची ऊर्जा बॅटरीत परत जाते, म्हणून गाडी मंदावते. ते छान आहे, पण त्याची ताकद मर्यादित असते, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती आणखी कमी होते. घरून शंभर टक्के चार्ज करून निघालात की पहिल्या चौकात गाडी रोजच्यासारखी मंदावणार नाही. दुसरी गोष्ट, पाय दिवसभर रेसवरच राहतो आणि ब्रेकची वाट विसरतो. रोही, रानडुकरं आडवी आली की पायाखाली जे आहे तेच दाबलं जातं, आणि इलेक्ट्रिक मोटर पूर्ण ताकद क्षणात देते. गावात शिरताना, गुरं दिसली की, पाय रेसवरून उचलून ब्रेकवर नुसता ठेवा. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पाय आधीच तिथे असेल तर त्यातले कितीतरी मीटर वाचतात. हे पेट्रोल, डिझेललाही तितकंच लागू.

मुलाला घरच्या गाडीवर शिकवलं तर काय बिघडलं?

शिकवणाऱ्याच्या पायाशी ब्रेक नसतो, हे बिघडलं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दुहेरी कंट्रोल लागतात: शिकवणाऱ्याच्या बाजूला ब्रेक आणि क्लच, रेस नाही. म्हणजे तो गाडी थांबवू शकतो, पळवू शकत नाही. सुरुवात तिथेच करा. नंतर सरावासाठी घरची गाडी घ्यायची तर शिकाऊ परवाना आणि लाल एल हवेत, शेजारी परवानाधारक हवा, आणि जागा पीक निघालेलं सपाट वावर किंवा बाजार नसलेल्या दिवशीचं बाजाराचं मैदान. मध्ये हँडब्रेकचा दांडा असेल तर शेजाऱ्याचा हात त्यावर असू द्या. अंगणात नको, अंगणात आजी असते, लेकरं असतात.

बाबूजींचं वय ७२ आहे. ते गाडी सोडायला तयार नाहीत.

वयापेक्षा पाय बघा. जुनी शुगर असली तर तळव्यांची संवेदना कमी होते. पेडल किती दाबलं, कोणतं दाबलं, हे पायाला कळेनासं होतं. पायाला मुंग्या येतात का, चालताना चप्पल नकळत निसटते का, हे विचारा. निसटत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय गाडी नको. पंचावन्ननंतर परवान्याचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी असतं आणि त्याला वैद्यकीय दाखला लागतो. तो दाखला न तपासता सहीपुरता घेऊ नका. गाडी बदलणार असाल तर त्यांना उतारवयात पहिल्यांदा ऑटोमॅटिक देण्याआधी विचार करा. ज्या क्लचने ते चाळीस वर्षं सावरले, तो तुम्ही काढून घेताय. द्यायचीच तर शेजारी बसून महिनाभर सराव द्या. आणि "बाबूजी, आता तुम्हाला जमत नाही" असं चारचौघांत म्हणू नका. आधी बाजाराच्या दिवशी गाडी तुम्ही चालवा, मग रात्रीची, मग हळूहळू बाकीची.

उजवा पाय अधू आहे. मला गाडी चालवता येईल का?

येते. ब्रेक आणि रेस हाताने चालवायची किट बसवता येतात, डाव्या पायाची रेसही करता येते. पण हे गावच्या वेल्डरकडून करून घेऊ नका. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला आरटीओची मंजुरी लागते आणि आरसीवर नोंद व्हावी लागते. डाव्या पायाची रेस बसवली तर उजवं मूळ पेडल झाकलं किंवा दुमडलं गेलं पाहिजे, नाहीतर घरातला दुसरा कोणी बसला की गोंधळ ठरलेला.

अपघात झाला आणि चालवणारा म्हणतो ब्रेक लागला नाही. खरं काय ते कसं ठरतं?

जखमींना हलवल्यावर, गाडीला कोणी हात लावण्याआधी ड्रायव्हरच्या पायाशी मोबाइलने फोटो काढा: मॅट कुठे आहे, पेडलखाली काही अडकलं आहे का, रेस वर आलेली आहे का. मॅट सरळ करू नका, बाटली उचलू नका. ब्रेकचं तेल, पाइप, पेडल यांची तपासणी आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक करतात; ती होईपर्यंत ओळखीच्या मिस्त्रीलाही गाडी उघडू देऊ नका, नंतर दोष होता की नव्हता हे सिद्ध करता येत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत एअरबॅगच्या कॉम्प्युटरमध्ये धडकेआधीच्या काही सेकंदांची नोंद राहते: वेग किती होता, रेस किती दाबली होती, ब्रेक दाबला होता का. तुमच्या गाडीत अशी नोंद होते का, हे कंपनीला लेखी विचारा आणि पोलिसांना तसं लेखी कळवा. बॅटरीची तार मात्र विमा सर्वेक्षक आणि निरीक्षक येईपर्यंत, आग लागायचा धोका नसेल तर, आहे तशी राहू द्या.